क्लिअर कोटचे पोपडे का निघतात? पॉलिशचं मशीन हातात घेण्याआधी पोपडा उलटा करून बघा



उद्या कामाला निघताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांकडे जरा नीट बघा. आठ-दहा वर्षं उन्हात उभी राहिलेली एखादी गाडी नक्की सापडेल. तिच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडलेले असतात आणि चट्ट्यांच्या कडेने पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटत असतो. यालाच म्हणतात क्लिअर कोटचे पोपडे निघणं. आपल्याकडचे बरेच पेंटर क्लिअरला लॅकर म्हणतात, त्यामुळे "लॅकर उडालाय" असंही तुमच्या कानावर येईल.

तुम्हाला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकायचं असो, वॉशिंग सेंटर काढायचं असो की डिटेलिंग स्टुडिओ, असा ग्राहक तुमच्याकडे पहिल्या दोन-तीन महिन्यांत येणारच. तो म्हणणार, "दादा, जरा पॉलिश मारून द्या, चमकली पाहिजे."

इथे धंद्याची खरी परीक्षा सुरू होते. तुम्ही "हो साहेब, होऊन जाईल" म्हणालात, मशीन फिरवलं, पैसे घेतले, तर थोड्याच दिवसांत तो चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन तुमच्या दारात उभा राहील. आणि ग्राहक म्हणेल, "तुमच्या पॉलिशनेच रंग उडाला." त्याचं म्हणणं अर्धं बरोबरही असेल!

म्हणून आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण सगळा पैशाशी जोडलेला आहे. पोपडे वर दिसतात, कारण मात्र खालच्या थरात असतं. ते कारण दर सांगण्याआधी ज्याला ओळखता येतं, तो या धंद्यात टिकतो. चला, एकेक गोष्ट समजून घेऊ.

आधी थर समजून घ्या

आपण ज्याला "गाडीचा रंग" म्हणतो, ते एकावर एक दिलेले थर असतात. कारखान्यातून आलेल्या आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर असा क्रम असतो:

१. ई-कोट. अख्खी बॉडी टाकीत बुडवून, विजेच्या मदतीने बसवलेला हा प्रायमर. याचं काम गंजापासून बचाव करणं.

२. सरफेसर. वरच्या रंगाला गुळगुळीत पाया देणारा आणि खालच्या थराचं उन्हापासून रक्षण करणारा थर.

३. बेस कोट. हा खरा रंग. मेटॅलिकची चमचम इथेच असते. पण हा थर एकटा सोडला तर मॅट दिसतो आणि फार काळ टिकत नाही.

४. क्लिअर कोट. सगळ्यात वरचा पारदर्शक थर. चकाकी त्याचीच, आणि ऊन, पाऊस, धूळ झेलायचं कामही त्याचंच.

हे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसापेक्षाही पातळ पापुद्र्यावर उभी आहे. हा आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढे सारखा लागणार आहे.

एक फरकही लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांच्या साध्या, बिनमेटॅलिक रंगांवर पूर्वी वेगळा क्लिअर नसायचा. रंग आणि चकाकी एकाच थरात. असा रंग उन्हात फिका पडतो, खडूसारखा होतो, पण त्याचे पारदर्शक पोपडे निघत नाहीत. वरचा मेलेला भाग घासून काढला की खालून ताजा रंग निघतो, म्हणून तिथे रबिंग-पॉलिश चालायचं. "पूर्वी तर पॉलिशने गाडी नवी व्हायची" असं एखादे काका म्हणाले, तर ते खोटं बोलत नसतात. फक्त आता गाडीचा रंग बदललाय.

पहिलं कारण: ऊन

क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकच्या जातीचाच पदार्थ. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, ज्यांना आपण यूव्ही म्हणतो, त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतात. हे रोखण्यासाठी कंपन्या क्लिअरमध्ये यूव्ही शोषून घेणारी आणि होणारं नुकसान आवरणारी रसायनं घालतात. पण ही रसायनं कायम पुरत नाहीत. वर्षानुवर्षांच्या उन्हात त्यांचा जोर कमी होतो.

मग काय होतं? आधी चकाकी कमी होते. नंतर पांढुरकेपणा येतो. क्लिअर ठिसूळ होतो, त्याला बारीक तडे जातात. त्यातच दिवसा बॉनेट तापतं, रात्री थंड होतं. दरवेळी पत्रा थोडा प्रसरण पावतो, थोडा आकसतो. ठिसूळ झालेल्या थराला ही ताणाताण झेपत नाही. शिवाय क्लिअरमधून आत गेलेले किरण खालच्या बेस कोटचा वरचा भागही खराब करतात, आणि दोन थरांची पकड तिथेच सुटते. एकदा कडा मोकळी झाली की तिच्याखाली पाणी शिरतं, आणि पोपडा पसरत जातो.

म्हणूनच उन्हाने झालेलं नुकसान आधी टप, बॉनेट आणि डिकीच्या वरच्या भागावर दिसतं, कारण ते आडवे भाग थेट ऊन खातात. दरवाजे त्या मानाने शाबूत असतात. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल, तर जास्त ऊन लागणारी बाजू आधी जाते.

थर वाचवला तर काय होतं: अमेरिकेतलं उदाहरण

"मोठ्या कंपन्या चुकत नाहीत" असं वाटतं ना? मग हे ऐका. १९८० च्या दशकाचा शेवट ते १९९० चं दशक, या काळात अमेरिकेत तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच गाड्यांचा रंग तुकड्या-तुकड्यांनी सुटायला लागला. झालं होतं असं, की अनेक मॉडेल्सवर मधला सरफेसरचा थर दिलाच नव्हता. रंग थेट ई-कोटवर. ई-कोट इपॉक्सीच्या जातीचा असतो, आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्याची खडूसारखी भुकटी होते. पातळ रंगातून झिरपलेलं ऊन ई-कोटपर्यंत पोचलं, त्याची वरची बाजू भुसभुशीत झाली, आणि वरचा अख्खा रंग पकड सोडून निघाला. ग्राहक संतापले, प्रकरणं कोर्टात गेली, कंपन्यांना गाड्या पुन्हा रंगवून द्यायचा खर्च करावा लागला.

यातून आपण काय घ्यायचं? रंग वरून एकदम छान दिसत होता. शोरूममधून गाडी नेताना कुणालाही शंका आली नाही. गाळलेला थर दिसत नाही, पण काही वर्षांनी तो बोलतो. तुमच्या छोट्या गॅरेजमध्येही नेमका हाच नियम लागू आहे. फरक इतकाच, की मोठी कंपनी तो खर्च पचवू शकते. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचं भांडवल त्यात बुडतं.

दुसरं कारण: पुन्हा रंगवताना केलेली घाई

उन्हाने गाडीचे पोपडे निघायला वर्षं लागतात. पण सहा महिन्यांत, वर्षभरात पोपडे निघाले, तर बहुतेक वेळा दोष रंगकामाचा असतो. कुठे चुकतं, ते बघा:

अपुरं घासकाम. नवा थर जुन्या थराला धरतो, तो घासून उठवलेल्या बारीक ओरखड्यांमुळे. जुन्या चकचकीत क्लिअरवर तसाच नवा मारला, तर तो काचेवर चिकटवलेल्या कागदासारखा राहतो. बेस कोटच्या आधी साधारण ६०० ते ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पूर्ण पॅनल एकसारखा घासायचा असतो. पेपर नेमका कुठे पोचत नाही? कडा, हँडलच्या मागे, रबर बीडिंगच्या शेजारी, हेडलाइटच्या खाचेत. म्हणून पोपडेही तिथूनच सुरू होतात.

तेल, मेण आणि सिलिकॉन. गाडी धुतली म्हणजे स्वच्छ झाली असं नाही. जुन्या पॉलिशचं मेण, हाताचं तेल पृष्ठभागावर असतंच. घासण्याआधी आणि रंग मारण्याआधी, दोन्ही वेळा वॅक्स आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं. एक फडकं लावायला, दुसरं कोरडं पुसून घ्यायला. आणि एक गोष्ट नक्की पाळा: रंगकाम चालतं त्या शेडमध्ये डॅशबोर्ड किंवा टायर पॉलिशचा सिलिकॉन स्प्रे मारू नका. त्याचे कण हवेतून पॅनलवर बसतात आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. डिटेलिंग आणि पेंटिंग एकाच छपराखाली करायचा विचार असेल, तर दोन भाग आधीच वेगळे काढा.

कॉम्प्रेसरमधलं पाणी. हवा दाबली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते टाकीच्या तळाशी साचतं आणि पाइपातून गनपर्यंत येतं. रोज सकाळी टाकीचा ड्रेन उघडून पाणी काढणं आणि लाइनवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवणं, हे पावसाळ्यात तर जीव की प्राण आहे.

हार्डनरचा अंदाजपंचे हिशेब. टू-के क्लिअरमध्ये क्लिअर आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो. कुठल्या क्लिअरला दोनास एक हार्डनर लागतो, कुठल्याला चारास एक. प्रमाण कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटवर छापलेलं असतं. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होतो. "डोळ्याला बरोबर वाटलं" हे प्रमाण नव्हे! मापाचा कप वापरा. आणि हार्डनरचा डबा उघडा ठेवू नका. त्यातला आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धवट झाकलेला डबा लवकर खराब होतो, गढूळ दिसायला लागतो. तसा दिसला तर टाकून द्या. त्या डब्याच्या किमतीपेक्षा पॅनल पुन्हा करायचा खर्च मोठा आहे.

दोन थरांमधला वेळ. बेस कोट मारला की त्यातला थिनर उडून जायला ठरावीक वेळ द्यावा लागतो. घाईने वर क्लिअर मारला तर थिनर आत अडकतो, वर फोड येतात, पकड कमकुवत होते. उलटं पण चूकच. बेस मारून गाडी दोन दिवस तशीच ठेवली, शीटवरची मुदत उलटून गेली, आणि मग क्लिअर मारला, तर दोन थर एकमेकांना नीट धरत नाहीत. शनिवारी बेस आणि सोमवारी क्लिअर, हे कितीही सोयीचं असलं तरी करू नका.

पातळ क्लिअर. एका लिटरमध्ये दोनाऐवजी तीन गाड्यांची कामं उरकायची, हा मोह सगळ्यांना होतो. पण पातळ थरात यूव्ही अडवणारं रसायनही तेवढंच कमी. वर पुन्हा कंपाउंडने घासलं की उरलंसुरलंही जातं.

हवामान. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश सेल्सिअस वर असावं, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. सोप्या भाषेत, पत्र्यावर दव किंवा अदृश्य ओल धरेल अशा वेळी रंग मारू नका. बूथ नसेल तर जुलै-ऑगस्टमधल्या ओल्या संध्याकाळी काम घेताना दोनदा विचार करा. ग्राहकाला "दोन दिवस जास्त द्या" म्हणणं परवडतं.

तिसरं कारण: वापरातल्या सवयी

पॉलिशचा अतिरेक. कंपाउंडिंग म्हणजे चमक भरणं नव्हे. ओरखडा जातो, कारण त्याच्या आजूबाजूचा क्लिअर तेवढा घासून खाली येतो. मूळ थर ४० मायक्रॉनचा. दर दिवाळीला आणि दर पाडव्याला जोरकस रबिंग केलं, तर तो किती दिवस पुरणार? बॉडीच्या उंच रेषा आणि कडांवर क्लिअर मुळातच पातळ असतो आणि मशीनचा दाब तिथेच जास्त पडतो. तिथे आधी रंग उघडा पडतो.

पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, मेलेले किडे. उन्हात हे डाग क्लिअरमध्ये खोल जातात. ओलं फडकं ठेवून, मऊ करून, लगेच काढायला हवेत. नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडलं तर ओरखडे वेगळेच.

दगडाची ठेच आणि प्रेशर वॉशर. हायवेवर उडालेला खडा बॉनेटच्या पुढच्या कडेला टिकली काढतो. त्या टिकलीच्या कडेतून पाणी आत जातं. मग वॉशिंग सेंटरवर नोझल अगदी जवळ धरून तिरकी धार मारली, की मोकळी कडा उचलली जाते. वॉशिंगचा धंदा करणाऱ्यांनो, गाडी आत घेताना असे ठिकाणं दिसली तर आधी ग्राहकाला दाखवा, मोबाइलवर फोटो घ्या आणि तिथे धार लांबून मारा.

स्टिकर आणि फिल्म. आधी रंगवलेल्या पॅनलवरचा स्टिकर, रॅप किंवा पीपीएफ खेचून काढताना कच्ची पकड असलेला क्लिअर त्याच्यासोबत निघून येऊ शकतो. म्हणून काम घेण्याआधी "हा पॅनल कधी रंगवलाय का?" हे विचाराच.

प्लास्टिक बंपर. बंपरचं प्लास्टिक रंगाला सहज धरत नाही. त्याला आधी वेगळा प्लास्टिक प्रायमर लागतो. तो वाचवला की बंपरवरचा रंग हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यांनी निघतो. असा बंपर दिसला की बहुतेक वेळा गोष्ट हीच असते.

आता पोपडा उलटा करा

कारणं कळली. गाडी समोर आली की ओळखायचं कसं? पाच पायऱ्या सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे.

१. जागा बघा. टप, बॉनेट, डिकी सगळीकडे सारखेच चट्टे, गाडी जुनी: ऊन. एकाच पॅनलवर पोपडे, बाकी गाडी ठणठणीत: रंगकाम. फक्त उंच रेषांवर उघडं: पॉलिश. पुढच्या कडेला टिकल्यांभोवती: खडे.

२. पोपड्याची मागची बाजू बघा. सुटलेला एक पापुद्रा अलगद उचला आणि उलटा करा. मागे रंग नाही, नुसता पारदर्शक आहे? म्हणजे क्लिअर आणि बेस यांच्यातली पकड गेली. मागे गाडीचा रंग चिकटलाय? म्हणजे बेस आणि प्रायमरमध्ये घोळ आहे. मागे प्रायमर आणि खाली पत्रा किंवा गंज दिसतोय? मग प्रश्न पायाचा आहे, नुसत्या क्लिअरचा नाही. प्रत्येक उत्तराला काम वेगळं आणि दर वेगळा.

३. कडा तपासा. बीडिंगखाली, बॉनेटच्या आतल्या कडेला टेपची सरळ रेष किंवा रंगाचे शिंतोडे दिसतात का? दिसले तर गाडी पूर्वी रंगवलेली आहे, ग्राहकाला माहीत असो वा नसो. सेकंडहँड गाडीच्या मालकाला हे अनेकदा माहीतच नसतं.

४. जाडी मोजा. रंगाची जाडी मोजायचं गेज घ्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० च्या आसपास दाखवतो. एखाद्या पॅनलवर २५० च्या पुढे आकडा आला तर तो पॅनल पुन्हा रंगवलेला असण्याची दाट शक्यता. आकडा त्याहून कितीतरी मोठा आला तर खाली लांबी भरलेली आहे असं समजा. बाकी गाडीच्या मानाने आकडा फारच कमी आला, तर तिथे मशीन लावू नका. साधं गेज सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, एकट्या क्लिअरची नाही. आणि ते प्लास्टिक बंपरवर चालत नाही.

५. पांढरं फडकं. एका कोपऱ्यात हाताने थोडं पॉलिश घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग आला, तर एकतर तिथे मुळात क्लिअर नव्हता, नाहीतर तो आता उरलेला नाही.

ग्राहकाला काय सांगायचं?

खरं सांगायचं, आणि दाखवून सांगायचं. क्लिअर एकदा सुटला की तो पॉलिशने, मेणाने किंवा सिरॅमिक कोटिंगने परत चिकटत नाही. नुसता पांढुरकेपणा असेल, पोपडे अजून सुटले नसतील आणि गेजचा आकडा पुरेसा असेल, तर हलकं पॉलिश करून बघता येतं. पोपडे सुटले असतील तर एकच खरा इलाज: सैल क्लिअर पूर्ण काढा, कडा घासून सपाट करा, खालचा थर पक्का आहे का बघा, लागेल तिथे प्रायमर, मग बेस आणि मग पूर्ण पॅनलवर कडेपासून कडेपर्यंत क्लिअर. पॅनलच्या मधोमध क्लिअरचं ठिगळ मारलं, तर त्याची पातळ कडा पुढे पुन्हा दिसायला आणि सुटायला लागते.

हे बोलायचं कसं? समजा समोर निवृत्त काका आहेत, गाडी दहा वर्षांची आहे. त्यांना म्हणा:

"काका, हे बघा, हा पापुद्रा उलटा केला. मागे रंग नाही, म्हणजे वरचा क्लिअर गेलाय, रंग अजून शाबूत आहे. पॉलिश केलं तर हा चट्टा वाढेल, म्हणून मी ते करणार नाही. टप आणि बॉनेट दोन्ही पूर्ण करावे लागतील. आत्ता नको असेल तर गाडी सावलीत लावा, इथे प्रेशरने धुऊ नका. पण हे हळूहळू वाढत जाणार, एवढं धरून चाला."

काका कदाचित त्या दिवशी काम देणार नाहीत. पण तुम्ही पॉलिशचे पैसे नाकारलेत, हे त्यांच्या लक्षात राहतं. सोसायटीतल्या पुढच्या माणसाला ते कुणाकडे पाठवतील, सांगा बघू?

आता हिशेब करू

वही घ्या. पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावातले दर घालून स्वतःचा हिशेब मांडा.

समजा एका बॉनेटचे तुम्ही ५,००० रुपये घेता. माल १,८००, कारागीर १,२००, भाडं आणि वीज ५००. उरले १,५००. आता पेंटरने घाईत वॅक्स काढलं नाही, जुनाच पेपर वापरला. वाचले किती? तासभर वेळ आणि माल धरून साधारण ३०० रुपये.

आठ महिन्यांनी बॉनेट परत आलं. आता माल पुन्हा १,८००, कारागीर १,२००, जुना थर सोलून काढायची जादा मजुरी ८००, भाडं-वीज ५००. एकूण ४,३००, आणि ग्राहकाकडून शून्य. पहिल्या कामाचा नफा गेलाच, वर २,८०० रुपये खिशातून गेले. हे ४,३०० भरून काढायला तशीच जवळजवळ तीन बॉनेटं करावी लागतील. ३०० रुपये वाचवायला तीन कामांचा नफा गेला!

म्हणून दर सांगताना घासकाम आणि सफाई यांची वेगळी ओळ लिहा. "पृष्ठभाग तयारी" असं नाव द्या. ग्राहक विचारेल, "हे कशाचे पैसे?" तेव्हा तो उलटा पोपडा दाखवा. आणि हमी देताना लेखी द्या: कोणत्या पॅनलची, किती महिन्यांची, कशासाठी. आम्ही रंगवलेला थर सुटला तर आमची जबाबदारी. खड्याची टिकली, अपघात, दुसरीकडे केलेलं पॉलिश यात येणार नाही. हे आधी लिहिलेलं असलं की नंतर वाद होत नाही.

जिवाची काळजी: यात तडजोड नाही

हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा उल्लेख वर आलाच. स्प्रे मारताना तो फुप्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. पेंटरला तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे संरक्षण नव्हे, धुळीचा साधा मास्कही नव्हे. टू-के क्लिअर मारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, चष्मा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. सुरुवातीच्या भांडवलात याचे पैसे धराच. तुमचा कारागीर म्हणजे तुमच्याच भरवशावर काम करणारा कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस आहे.

सुरुवात कुठून कराल?

लगेच बूथ उभारायची गरज नाही. आधी एवढं करा:

- भंगारातून दोन जुनी बॉनेटं आणि एक बंपर आणा. अर्ध्या भागात सगळी तयारी करून, अर्ध्या भागात मुद्दाम न घासता क्लिअर मारा. थर पूर्ण घट्ट झाला की ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. आयएसओ २४०९ या मानकातली पकड तपासायची पद्धत याच तत्त्वावर आहे. पट्टीवर कुठल्या भागाचे तुकडे येतात ते स्वतः बघा. ही चाचणी ग्राहकाच्या गाडीवर मात्र करायची नाही हं!
- पेंट कंपनीच्या वितरकाकडून तुम्ही वापरणार त्या क्लिअरची टेक्निकल डेटा शीट मागून घ्या. प्रमाण, थरांमधला वेळ, सुकायची मुदत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.
- आयटीआयमध्ये मोटारीच्या बॉडी पेंटिंगचा ट्रेड असतो. स्वतः शिकायचं असेल तर तिथे चौकशी करा, कारागीर हवा असेल तरी तिथेच.
- प्रत्येक गाडीचं एक पान ठेवा: आलेल्या स्थितीचे फोटो, गेजचे आकडे, ओळखलेलं कारण, केलेलं काम, त्या दिवशीचं हवामान. वर्षभराने हीच वही तुम्हाला सांगेल, तुमच्या गॅरेजमध्ये नेमकं कुठे चुकतंय.

बघा मंडळी, गन चालवायला सहा महिन्यांत कुणीही शिकतो. पण गाडीभोवती एक चक्कर मारून, पोपडा उलटा करून, "हे यामुळे झालंय, याला एवढं काम लागेल, आणि एवढं लागणार नाही" असं ठामपणे सांगणारा माणूस प्रत्येक गावात हवाच असतो. या आठवड्यात निदान पाच गाड्या अशा नजरेने बघा. कारण ओळखा आणि वहीत लिहा. दर ठरवायचं पुढचं गणित पुढच्या व्हिडिओत करू.

तोपर्यंत, कामाला लागा!